पहिल्या धारेचा जपान

(नभोवाणीवर झालेल्या भाषणाचं संपादित रूप)

जपानी दारू म्हटलं की आपल्याकडे एकच नाव घेतलं जातं, साके. चित्रपटांतून, प्रवासवर्णनांतून तेच नाव कानावर आलेलं असतं. गंमत अशी, की जपानी भाषेत 'साके' या शब्दाचा अर्थ नुसता 'दारू' असाही होतो. आपण जिला साके म्हणतो ती तांदूळ आंबवून गाळलेली दारू. पण जपानच्या दक्षिण टोकाला, कागोशिमात, कुणी 'साके घेणार का?' असं विचारलं, तर समोर बहुधा वेगळंच पेय येतं. ते असतं शोचू, म्हणजे भट्टीवर काढलेली दारू. आज मला बोलायचं आहे ते या भट्टीच्या दारूविषयी.

दारूच्या इतिहासाचा विषय काढला की आपल्याकडे कुणाच्या कपाळाला आठ्या पडतात, कुणी डोळे मिचकावतं. दारू चांगली की वाईट, हा वाद आज बाजूला ठेवू. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला भट्टीपाशी थांबावंसं वाटतं ते तिथे भेटणाऱ्या माणसांसाठी. राजेरजवाड्यांच्या दप्तरांत ज्यांना जागा मिळत नाही असे सुतार, खलाशी, हद्दपार व्यापारी, ऊस पिकवणारे वेठबिगार इथे भेटतात. आणि जपानचा जो इतिहास आपण क्योतो आणि तोक्योकडून वाचतो, तो इथे दक्षिणेच्या समुद्राकडून वाचता येतो.

आधी भट्टीची रीत पाहू. आंबवलेलं रसायन तापवायचं, त्याची वाफ थंड करायची आणि थेंब थेंब गोळा करायचे. भांड्याच्या अंगावर जमणारे हे थेंब पाहून अरबांनी त्याला 'अरक', म्हणजे घाम, म्हटलं. आपण औषधी 'अर्क' म्हणतो तो शब्द त्याच घरचा. हा शब्द आणि ही विद्या व्यापाऱ्यांच्या गलबतांतून पूर्वेकडे गेली. जपानात भट्टीच्या लहान भांड्याला 'रांबिकी' म्हणू लागले. तो पोर्तुगीजांच्या 'अलांबिक'चा अपभ्रंश, आणि पोर्तुगीजांनी तो अरबीतून घेतलेला.

जपानमधल्या भट्टीच्या दारूची एक अगदी जुनी नोंद एका पोर्तुगीज कप्तानाची आहे. त्याचं नाव जॉर्ज आल्वारेस. १५४६ साली त्याचं जहाज सात्सुमा प्रांतातल्या, म्हणजे आजच्या कागोशिमातल्या, यामागावा बंदरात थांबलं होतं. तिथे पाहिलेल्या गोष्टींचा वृत्तांत त्याने पुढच्या वर्षी लिहून दिला. इथले लोक तांदळापासून काढलेली 'ओराका' पितात आणि लहानथोर सगळेच पितात, असं त्यात आहे. हा 'ओराका' शब्द जपानी नव्हे. पोर्तुगीजांनी तो हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर उचलला होता. गोव्यात आज काजूच्या पहिल्या उकळीच्या दारूला 'उर्राक' म्हणतात, तोच हा शब्द. त्या काळी तो माडाच्या दारूसाठी वापरत. म्हणजे जपानच्या दारूची ही ओळख युरोपला झाली ती आपल्या किनाऱ्यावरच्या शब्दातून.

हा वृत्तांत आल्वारेसने लिहिला तो फ्रान्सिस झेवियरसाठी. त्याच्याच जहाजातून यामागावाहून एक जपानी माणूस पळाला होता. त्याचं नाव याजिरो. हातून खून झाल्यामुळे तो जीव वाचवून निघाला होता. आल्वारेसने त्याला मलाक्काला झेवियरच्या हवाली केलं. पुढे याजिरो गोव्यात आला, १५४८ साली तिथे ख्रिस्ती झाला आणि सेंट पॉल कॉलेजात शिकला. १५४९ च्या ऑगस्टमध्ये झेवियर कागोशिमाच्या किनाऱ्यावर उतरला तेव्हा दुभाषा म्हणून याजिरोच सोबत होता. जुन्या गोव्यात झेवियरच्या शवाचं दर्शन घेणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल, की त्याच्या जपानवारीच्या आधी आलेल्या त्या कागदांत तिथल्या दारूचीही नोंद होती!

दुसरी नोंद मला जास्त आवडते. कागोशिमाच्या उत्तरेला इसा भागात कोरियामा हाचिमान नावाचं देवस्थान आहे. विसाव्या शतकात त्याची दुरुस्ती चालू असताना एका लाकडाच्या तुकड्यावर दोन सुतारांनी लिहिलेला मजकूर सापडला. त्यावर १५५९ सालची तारीख आहे. इथला पुजारी इतका चिकट, की त्याने एकदाही शोचू पाजली नाही, काय हा त्रास, अशी ती तक्रार. 'शोचू' हा शब्द जपानात लिहिलेला सापडतो त्यातली ही सर्वांत जुनी जागा. सुतारांनी ती तक्रार अशा ठिकाणी लपवली, की पुजाऱ्याला दिसू नये आणि देवाला मात्र दिसावी. या एका ओळीवरून आपल्याला बरंच कळतं. शोचू तेव्हा गावोगाव होती, कामकऱ्यांना ती पाजण्याची रीत होती, आणि ती न मिळणं हा अन्याय मानला जात होता.

आता प्रश्न असा, की भट्टी दक्षिणेतच का रुजली? उत्तर हवेत आहे आणि एका बुरशीत आहे. तांदळाच्या कण्या वाफवून त्यांच्यावर एक बुरशी वाढवतात, तिला 'कोजी' म्हणतात. आपल्याकडे दुधाला विरजण, तसं तिथे धान्याला कोजी. ती पिष्टाची साखर करते आणि मग यीस्ट त्या साखरेची दारू करतं. उत्तरेत कडाक्याच्या थंडीत साकेचं रसायन सावकाश आंबतं आणि टिकतं. दक्षिणेच्या दमट उकाड्यात ते नासतं. ओकिनावाच्या बेटांवर मात्र कोजीची एक काळी जात होती. लिंबात असतं ते सायट्रिक आम्ल ही काळी बुरशी भरपूर तयार करते. त्यामुळे रसायन आंबट होतं आणि नासवणारे जंतू त्यात वाढत नाहीत. हे आंबट रसायन तसंच पिण्यासारखं नसतं, पण भट्टीवर चढवलं की आम्ल मागे राहतं आणि दारू वर येते. उष्ण हवेच्या माणसांनी शोधलेली ही तोड फार शहाणपणाची आहे.

ओकिनावा म्हणजे तेव्हाचं र्‍युक्यूचं स्वतंत्र राज्य. १४२९ ते १८७९ असं साडेचारशे वर्षं ते टिकलं. चीन, कोरिया, जपान आणि सयाम यांच्यामध्ये व्यापार करून हे छोटं राज्य जगत होतं. चीनच्या बादशहाचा वकील चेन कान १५३४ साली तिथे गेला होता. तिथली कडक दारू सयामहून आली आहे, असं त्याने लिहून ठेवलं. भट्टीची विद्या सयामहून आली की चीनच्या किनाऱ्यावरून, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. या दारूला पुढे 'आवामोरी' नाव पडलं. आज ती थायलंडच्या लांब दाण्याच्या तांदळापासून करतात. पण तेवढ्यावरून सयामचा दावा सिद्ध होत नाही, कारण या तांदळाचा सर्रास वापर विसाव्या शतकातला आहे.

राजधानी शुरीत तीन ठरावीक वस्त्यांनाच आवामोरी काढण्याची परवानगी होती. तिथली खरी श्रीमंती होती ती मुरलेल्या आवामोरीची. तिला 'कुसू' म्हणतात. व्हिस्की लाकडाच्या पिंपात मुरते, कुसू मातीच्या रांजणात. घरात वयाने उतरते असे चार-पाच रांजण ओळीने मांडलेले. समजा, पणजोबांच्या रांजणातून पाहुण्यासाठी थोडी काढली, तर तेवढीच आजोबांच्या रांजणातून त्यात घालायची, आजोबांची तूट वडिलांच्या रांजणातून भरायची, आणि शेवटच्या रांजणात नवी ओतायची. अशी ही दारू कधी संपत नाही आणि कधी शिळीही होत नाही. शुरीच्या जुन्या घराण्यांत शंभर, दीडशे, दोनशे वर्षांचे रांजण होते.

शोचूच्या भट्टीवर पहिल्या धारेला 'हानातारे' म्हणतात. र्‍युक्यूच्या पश्चिम टोकाला योनागुनी बेट आहे, तिथे पहिल्या धारेची साठ टक्के मद्यार्काची 'हानाझाके' काढतात. 'हाना' म्हणजे फूल. १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात गार्सिया द ओर्ता हा वैद्य लिहितो, की माडाच्या सुरेपासून निघालेल्या पहिल्या अर्काला इथले लोक 'फूल' म्हणतात. दोन किनारे, एकमेकांपासून हजारो मैल लांब, आणि पहिल्या धारेला दोघांकडे फुलाचंच नाव! यात कुणी कुणाची उसनवारी केली असेल असं मी म्हणणार नाही. पण भट्टीपाशी बसलेल्या माणसाची नजर सगळीकडे सारखीच असावी.

सात्सुमाची गोष्ट गरिबीची आहे. तिथली जमीन ज्वालामुखीच्या राखेची, पाणी न धरणारी. भात पिकणार कुठून? १६०५ साली नोगुनी सोकान नावाच्या माणसाने चीनच्या फुजियानमधून रताळ्याचे वेल र्‍युक्यूत आणले होते. १७०५ साली यामागावाच्याच माएदा रिएमोन या खलाशाने ते र्‍युक्यूहून सात्सुमात आणले. १७३२ साली पश्चिम जपानात मोठा दुष्काळ पडला, तेव्हा सात्सुमाला रताळ्याने तारलं असं मानतात. जे पोटाला पुरून उरलं ते भट्टीवर गेलं. आज कागोशिमाची शोचू म्हणजे रताळ्याची शोचू. आणि जपानभर रताळ्याला नाव पडलं 'सात्सुमा-इमो', सात्सुमाचा कंद. रिएमोनची आठवण म्हणून यामागावात देऊळ आहे. रताळं आणणाऱ्याला देवत्व देणारा समाज भुकेला विसरलेला नसतो.

पुढे ही विद्या कशी पसरली तेही ऐकण्यासारखं आहे. तान्सो शोएमोन नावाचा सात्सुमाचा एक व्यापारी चोरटा व्यापार केल्याबद्दल १८५३ साली हाचिजो बेटावर हद्दपार झाला. तिथे रताळी होती, पण धान्य इतकं थोडं, की त्याची दारू करायला बंदी होती. शोएमोनने बेटावरच्या लोकांना रताळ्याची शोचू काढायला शिकवलं. शिक्षा भोगायला आलेला माणूस बेटाला धंदा देऊन गेला. त्याच सुमाराला सात्सुमाचा सरदार शिमाझु नारिआकिरा नव्या बंदुकांच्या टोप्यांसाठी मद्यार्क करवून घेत होता. तांदळाची नासाडी नको म्हणून त्याने रताळ्याच्या शोचूला उत्तेजन दिलं.

पण सात्सुमाची दुसरी बाजूही सांगायला हवी. १६०९ साली सात्सुमाने र्‍युक्यूवर स्वारी केली आणि अमामीची बेटं आपल्या ताब्यात घेतली. तिथल्या लोकांवर ऊस लादला. गूळ सगळा सरकारात जमा करायचा, पिकवणाऱ्याने चाटायचाही नाही. त्या काळाला लोक 'गुळाचा नरक' म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर ही बेटं अमेरिकेच्या ताब्यात गेली. गूळ बाहेर पाठवण्याची वाट बंद झाली, तेव्हा लोकांनी त्याचीच दारू काढली. २५ डिसेंबर १९५३ रोजी बेटं जपानला परत मिळाली आणि सरकारने खास सवलत दिली, की गुळाची शोचू फक्त अमामीतच काढता येईल. ज्या गुळासाठी पूर्वजांनी फटके खाल्ले, तोच गूळ आता त्या बेटांचा हक्क झाला आहे.

मेजी काळात, म्हणजे १८६८ नंतर, मध्यवर्ती सरकारला पैसा हवा होता. दारूवरचा कर हे मोठं साधन ठरलं. १८९९ साली घरी दारू करण्यावर पूर्ण बंदी आली. सात्सुमात घरोघरी बायका शोचू काढत. सासूकडून सुनेकडे जाणारी ती विद्या एका कायद्याने गुन्हा झाली आणि भट्टी घरातून कारखान्यात गेली. तिथे तिला एक भला सरकारी माणूस भेटला. कावाची गेनइचिरो हा कर खात्याचा तंत्रज्ञ होता. त्याने ओकिनावाची काळी कोजी अभ्यासून कागोशिमाला दिली आणि १९२४ साली तिच्यातूनच निपजलेली पांढरी कोजी शोधली. आज जपानच्या निम्म्याहून अधिक भट्ट्या याच दोन बुरशींवर चालतात, असं म्हटलं तर ते कमीच ठरेल.

मग आलं १९४५. एप्रिल ते जून ओकिनावात जी लढाई झाली, तिच्यात दर चार ओकिनावावासीयांपैकी एक मेला असं मानतात. जपानी सैन्याचं ठाणं शुरीच्या किल्ल्याखालच्या भुयारांत होतं. त्यामुळे शुरीवर इतका तोफमारा झाला, की शहर म्हणून काही उरलंच नाही. माणसांपुढे रांजणांचं दुःख ते काय, असं कुणीही म्हणेल. पण दोनशे वर्षं पिढ्यांनी थोडं थोडं घालून राखलेली कुसू एका वसंतात मातीत गेली. जमिनीत पुरलेले अगदी मोजके रांजण तेवढे वाचले.

त्याहून मोठं संकट बुरशीचं होतं. भट्ट्यांबरोबर काळी कोजीही जळाली होती. दारू पुन्हा गाळता येते, रांजण पुन्हा घडवता येतो, पण बीजच गेलं तर? असं सांगतात, की शुरीच्या ढिगाऱ्यात माणसं उकरत राहिली, आणि एका भट्टीच्या जागी मातीखाली कोजी वाढवायची गवती चटई सापडली. तिचे धागे वाफवलेल्या धान्यात मिसळले आणि दुसऱ्या दिवशी धान्यावर काळसर झाक दिसू लागली. ओकिनावाची आवामोरी त्या चटईतून परत आली.

याला एक जोडकथा आहे. तोक्योच्या विद्यापीठातले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ साकागुची किनइचिरो यांनी १९३५ साली ओकिनावाच्या भट्ट्याभट्ट्यांतून काळ्या कोजीचे नमुने गोळा केले होते. त्यांतले काही तोक्योत जपलेले राहिले. १९९८ साली ते जिवंत असल्याचं लक्षात आलं आणि शुरीच्याच एका जुन्या भट्टीने त्यांतून युद्धापूर्वीच्या चवीची आवामोरी काढली. प्रयोगशाळेच्या फडताळात साठ वर्षं निजलेली बुरशी आपल्या गावी परत गेली.

युद्धानंतरची काही वर्षं सगळ्या जपानलाच वाईट गेली. धान्य नव्हतं, तेव्हा काळ्या बाजारात 'कासुतोरी' आणि 'बाकुदान', म्हणजे बॉम्ब, या नावाने भेसळीची दारू खपे. मिथेनॉलने कित्येकांची दृष्टी गेली, कित्येक मेले. त्या काळातल्या उथळ मासिकांनाही 'कासुतोरी मासिकं' नाव पडलं. विनोद असा, की ही दारू तीन 'गो' प्यायलं की माणूस आडवा होतो आणि ही मासिकं तिसऱ्या 'गो'ला, म्हणजे तिसऱ्या अंकाला, बंद पडतात.

जपानी व्हिस्कीची गोष्ट आपल्याकडे बऱ्याच जणांना ठाऊक असते, म्हणून थोडक्यात सांगतो. हिरोशिमाजवळच्या साके करणाऱ्या घराण्यातला ताकेत्सुरु मासाताका १९१८ साली स्कॉटलंडला गेला, भट्ट्यांतून उमेदवारी केली, वह्या भरून टिपणं काढली आणि १९२० साली रीटा कोवान या स्कॉटिश मुलीशी लग्न करून परतला. तोरी शिंजिरो या उद्योजकासाठी त्याने यामाझाकीची भट्टी उभारली. तिथे १९२४ साली काम सुरू झालं. १९३४ साली तो उत्तरेला होक्काइदोत योइची इथे गेला आणि स्वतःची कंपनी काढली. व्हिस्की मुरेपर्यंत सफरचंदाचा रस विकून दिवस काढले.

व्हिस्की साहेबी, शोचू गावंढळ, हा भेद पुढे कायद्यातही दिसला. १९४९ च्या कायद्याने कारखान्यात सलग ऊर्ध्वपातन करून काढलेल्या निर्गंध शोचूला 'को', म्हणजे पहिला वर्ग, आणि जुन्या भट्टीच्या शोचूला 'ओत्सु', म्हणजे दुसरा वर्ग, असं नाव दिलं. दक्षिणेच्या भट्टीवाल्यांना ते झोंबलं. त्यांनी झगडून १९७१ साली 'होनकाकु', म्हणजे अस्सल, हे नाव मिळवलं. २००६ साली को-ओत्सु ही नावं कायद्यातून गेली. मधल्या काळात युरोप, अमेरिका आणि कॅनडाने जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली, की शोचूवर कर कमी आणि व्हिस्कीवर जास्त, हा अन्याय आहे. १९९६ साली निकाल जपानच्या विरुद्ध गेला आणि शोचूवरचा कर वाढला. शोचू आता मरणार, असं अनेकांना वाटलं. झालं उलटंच. २००३ साली, सुमारे अर्धशतकानंतर प्रथमच, शोचूचा खप साकेच्या पुढे गेला.

डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने कोजीच्या साहाय्याने दारू करण्याची जपानी विद्या मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. त्यात साकेबरोबर शोचू आणि आवामोरीही आहे. सन्मान झाला याचा आनंद आहेच. पण मला वाटतं, की या विद्येचं खरं रक्षण यादीने केलेलं नाही. ते केलं आहे ढिगारा उकरणाऱ्या हातांनी आणि नमुने जपणाऱ्या एका प्राध्यापकाने.

ओकिनावात आजही काही घरांत मूल जन्मलं की आवामोरीचा रांजण भरून ठेवतात आणि ते वीस वर्षांचं झालं की उघडतात. १९४५ नंतर ज्यांनी रिकाम्या हातांनी पुन्हा पहिला रांजण भरला, त्यांना तो दोनशे वर्षांचा झालेला पाहायला मिळणार नव्हता. तरी त्यांनी तो भरला. आज त्या रांजणांना ऐंशी वर्षं होत आली आहेत. त्यांना दोनशे व्हायला अजून एकशे वीस वर्षं शांतता हवी.